म्हटलं की संपतं

चंदेरी कागदाची ती पुडी जेमतेम अंगठ्याएवढी होती, चारही कडा नीट आत दुमडलेल्या, आणि वर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत तारीख, वेळ – सकाळचे नऊ चाळीस – आणि खाली 'सा. बा.' अशी दोन अक्षरं… अक्षर तिचंच होतं. 'ब'च्या पोटातली रेघ बाहेरपर्यंत ओढायची सवय तिला कॉलेजपासून होती, आणि या प्रयोगशाळेत दुसरं कोणी ती तशी ओढत नसे.

"तुमचंच ना, मॅडम?" मावशी म्हणाल्या. मावशी इथलं काचसामान धुवायच्या, आणि धुता धुता कुणाची काय वस्तू कुठे राहिली याचा हिशेब ठेवायच्या. "ते ओल शोषायचे दाणे गुलाबी पडले होते. भट्टीत टाकून परत निळे करावेत म्हणून भांडं रिकामं केलं, तर जाळीच्या खाली, पार दाण्यांच्या पोटात हे. फेकणारच होते. पण नाव घातलंय."

तिने पुडी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. बोटांना आतला आकार कळला होता – एका टोकाला फुगीर, दुसरीकडे निमुळता, मधून वाकलेला. सासूबाईंचं कानाचं यंत्र. एकवीस दिवसांपूर्वी तिच्या मुलीने संडासात टाकून वरून पाणी ओतलेलं.

"मॅडम?"

"हो. माझंच आहे."

मावशी गेल्या. खोलीत तेवढा पंप घरघरत राहिला. शहराच्या निरनिराळ्या नळांवरून सकाळी आलेल्या पाण्याच्या बाटल्या ओट्यावर ओळीने उभ्या होत्या. रोज दुपारपर्यंत त्या प्रत्येकीपुढे तिला एक शब्द लिहायचा असे – योग्य, किंवा अयोग्य. सोळा वर्षं ती हेच करत आली होती आणि तिचा निकाल कधी फिरला नव्हता, कारण 'अयोग्य' लिहिण्याआधी ती त्याच नळाचं पाणी पुन्हा मागवायची. एका बाटलीवर अहवाल पाठवायचा नाही. बाटलीच घाण असू शकते, झाकण उघडणाऱ्याचा हात घाण असू शकतो…

सगळं आठवलं, आणि आठवताना ते कुठे गेलेलंच नव्हतं असं वाटलं. सासूबाई आठवडाभर म्हणत होत्या की कानात खरखर येते. यंत्रात ओल धरली असणार. मी ते त्या दिवशी सकाळी त्यांच्या उशाशेजारून उचललं, त्यांना सांगितलं, "लॅबमध्ये वाळवून संध्याकाळी आणून देते हं आई," आणि त्यांनी मान हलवली. त्या नेहमीच मान हलवतात. यंत्र माझ्या मुठीत होतं आणि मी ते, यंत्र कानात नसलेल्या बाईला सांगत होते! एरवी या गोष्टीवर नवऱ्याने महिनाभर हसून घेतलं असतं. मग इथे येऊन तिने ते कागदात गुंडाळलं, लवकर वाळावं म्हणून जाळीवर न ठेवता खालच्या दाण्यांत खोल खुपसलं, आणि साडेअकराला शाळेचा फोन आला की तुमच्या मुलीने एका मुलीच्या दंडाला चावा घेतलाय, रक्त आलंय, ताबडतोब या.

त्या फोनच्या आधीचं सगळं पुसलं गेलं. दोन्ही हातांनी काच पुसावी तसं.

आणि संध्याकाळी सासूबाई उशा उचलून बघत होत्या, चादर झटकत होत्या, म्हणत होत्या, "अगं, माझा कान कुठे गेला?" – आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर आली ती थेट मुलीसमोरच जाऊन उभी राहिली. शोधलं नाही. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. स्वतःला तर नाहीच नाही.

मुलगी आठ वर्षांची होती. दीड वर्षापूर्वी संस्थेतून घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत तीन फ्रॉक आणि एका पावाचा वाळलेला कडेचा तुकडा होता. मग घरातही पाव, बिस्किटं, अर्धी केळी कपाटामागे, बुटांत, गादीखाली सापडायला लागली, तेव्हा नवऱ्याने तिचं नाव खारूताई ठेवलं, त्याचं खारू झालं. एकदा उशीच्या अभ्र्यात उकडलेलं अंडं निघालं, आठवड्याभराचं. त्या वासाचं रासायनिक नाव तिला आधी आठवलं आणि मुलीची भूक नंतर. हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं… आता, पुडी हातात धरून उभं असताना येत होतं.

मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या गळ्यात खारू धावत जाऊन पडायची. बसच्या वाहकाच्या मांडीवर बसायची. आणि तिने, आईने, जवळ घेतलं की अंगाची फळी व्हायची. दोन मिनिटं ती फळी धरून ठेवायची आणि मग खाली ठेवायची, बस्स. हाक मारायची झाली तर खारू 'आई' किंवा आणखी कशानेच मारत नसे. समोर येऊन उभी राही, आपल्याकडे पाहिलं जाईपर्यंत.

त्या संध्याकाळी मात्र तिनेच खारूकडे पाहिलं.

"आजीचं यंत्र तू घेतलंस का?"

"हो."

"कुठंय?"

गप्प.

"बाहेर टाकलंस?… कचऱ्याच्या डब्यात?… संडासात?"

"हो. संडासात. मग पाणी ओतलं."

ओरडले नव्हते मी. हे मी नंतर नवऱ्याला, फोनवर दत्तक केंद्रातल्या बाईंना, आणि स्वतःला पुष्कळदा सांगितलं – एक अक्षर चढ्या आवाजात काढलं नाही. शांतपणे, एकेक करून विचारलं. रंग बदलेपर्यंत थेंब थेंब टाकत जावं आणि बदलला की तिथेच थांबावं, तसं. तिच्या उत्तरात मग इतके बारकावे आले, बुडबुडे आले, 'गुडुप' असा आवाज आला, की शंकेला जागाच उरली नाही… पण थेंब टाकत कोण होतं? खारूचे डोळे माझ्या भुवयांवर होते. 'बाहेर' म्हटल्यावर भुवया हलल्या नाहीत, 'कचऱ्यात' म्हटल्यावर हलल्या नाहीत, 'संडासात' म्हणताना हलल्या असणार. आणि ती थांबली. रंग माझा बदलला होता.

नळ सोडून तिने हात धुतले. पुडी ओट्यावर होती. साबण दोनदा लावला. आणि पाणी पडत असताना तिच्या मनात जे पहिलं आलं ते लाज नव्हती, पोरीबद्दलची कणवही नव्हती. पहिलं आलं ते असं – आता काय कारण सांगायचं?

कारण आज चार वाजता त्यांना, खारू जिथून आली त्या संस्थेच्या दत्तक केंद्रात जायचं होतं. पर्समध्ये पत्र होतं, दोघांच्या सह्यांचं. कोर्टाचा अंतिम आदेश पुढच्या महिन्यात व्हायचा होता, तो झाला की मुलगी कायमची त्यांची, आणि त्याच्या आत 'नाही' म्हणायचं असेल तर ते लेखी हवं होतं. "घाई करू नका," केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या, "पण वेळही घालवू नका. मुलं मोठी होतात." पत्र तिनेच लिहिलं होतं, दोन रात्री बसून. 'सर्व प्रयत्न करूनही आम्ही या मुलीचा सांभाळ पुढे चालू ठेवण्यास असमर्थ आहोत.' खाली अकरा घटना, क्रमांक घालून, तारखांसह. नवऱ्याने ते वाचून कागद कितीतरी वेळ हातातच धरला होता. मग म्हणाला होता, "तुझं लिहिणं असं असतं ना, की वाचल्यावर बोलायला काही उरतच नाही." आणि सही केली होती.

दहावी घटना यंत्राची. तिच्यानंतरच तिने केंद्राला फोन केला होता. बाकीच्या घटनांबरोबर जगता आलं असतं, असं ती म्हणायची. पण म्हाताऱ्या माणसाचा कानच काढून घ्यायचा…

नळ चालू होता. पुडी एवढीशी होती. बेसिनच्या भोकातून ती सहज गेली असती, आणि मग मुलीने सांगितलेलं सगळं, गुडुप आवाजासकट, जागा बदलून का होईना, खरं झालं असतं. तिने तसं केलं नाही. पण मावशींनी पाहिलं नसतं तर?… या प्रश्नावर ती नळ बंद करूनही बराच वेळ उभी होती, आणि उत्तर आलं नाही. उत्तर 'नाही' असतं तर ते लगेच आलं असतं.

नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्टचा मिस्त्री, कुठल्यातरी उंच इमारतीच्या पोकळीत लटकत असावा. आवाजाला विहिरीतल्यासारखा घुमारा होता.

"बोल. पण पटकन, दोरावर आहे."

"यंत्र सापडलं."

"कसलं?"

"आईंचं. कानाचं."

"काय सांगतेस! गटार उपसलंस की काय?"

"इथे. लॅबमध्ये. मीच आणलं होतं, वाळवायला."

तो हसला. मोठ्याने, पोटातून, आणि ते हसू पोकळीत वर जाऊन परत खाली येईपर्यंत त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण मधेच तुटलं.

"म्हणजे खारूने…"

"नाही."

"मग ती कशाला म्हणाली? अगं, आवाजसुद्धा काढून दाखवला होता तिने."

"मी विचारलं म्हणून."

मग तो म्हणाला, "आईला ती रोज सॉरी म्हणत होती ना गं."

तिने पुडीची कड पुन्हा आत दुमडली.

"आणि चारचं काय?" त्याने विचारलं.

"तू सांग."

"मी काय सांगू?… माझी सही तुझ्या सहीच्या खाली आहे." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी तिथे पोचतो चारला. जायचं नाही असं ठरलं तर कळव."

रोज सॉरी. होय. ती शिक्षा होती, तीही शांत आवाजात दिलेली – रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आजीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, 'मी तुमचं यंत्र टाकलं, मला माफ करा.' पहिल्या दिवशी खारू पुटपुटली. सासूबाईंना ऐकू येणार कसं? "मोठ्याने," तिने खारूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. पाचव्या-सहाव्या दिवशी पोर मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून किंचाळत होती, आणि सासूबाई तिच्याकडे बघून मला विचारत होत्या, "काय म्हणतेय गं ही? भूक लागलीय का तिला?" आणि बिस्किट काढून देत होत्या. खारूने ते खाल्लं नाही. लपवलं.

तिने पर्स उघडली, पत्र काढलं, अकरावी घटना वाचली. 'घरातील वृद्ध व्यक्तीच्या अंगावर मोठमोठ्याने ओरडते.'

हे मी लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. ओरडत होतीच.

मग तिने पेन्सिल घेतली. हे तिला जमत होतं, म्हणून केलं – प्रत्येक घटनेपुढे एक प्रश्न, हे कशावरून? चावा – दातांचे व्रण, शाळेतल्या बाईंनी पाहिलेले. अंडं, पाव – स्वतः काढले. पडदा कापला – कात्री हातात होती. सासूबाईंच्या पायाला लाथ – समोर मारली. ही खरी होती, आणि खरी असल्याचं बघून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं बघून… असो. पण नवऱ्याचं घड्याळ बादलीत कुणी टाकलं? शेजाऱ्यांच्या कुंड्या? कपाटाची किल्ली, फ्रीजचं दार रात्रभर उघडं? या सगळ्यांपुढे एकच पुरावा होता. विचारल्यावर हो म्हणाली.

अकरापैकी पाच. नाही, अकरावी धरली तर सहा.

साडेबाराला शाळेतून फोन आला. आवाज ओळखीचा, दमलेला – खारूच्या वर्गशिक्षिका. "तसं गंभीर नाही. पण जरा येऊन जाल का आज?"

शाळेत पोचेपर्यंत अडीच वाजले. वर्ग रिकामा होता, मुलं मैदानावर. खारू वर्गाबाहेरच्या बाकावर एकटी, हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"बसा ना," शिक्षिका म्हणाल्या. "मधल्या रांगेतल्या एका मुलीची कंपासपेटी गेली. मी वर्गात विचारलं, ज्याने घेतली त्याने उभं राहा, नाहीतर कुणीही डबा खायला बाहेर जाणार नाही. तुमची मुलगी लगेच उभी राहिली. त्याचं कौतुकच आहे हं, प्रामाणिक आहे पोरगी. फक्त कुठे ठेवलीस म्हटलं की… आधी म्हणाली दप्तरात. दप्तरात नाही. मग खिडकीतून टाकली. खाली नाही. मग म्हणाली नळाजवळ."

"लगेच म्हणजे किती वेळाने?"

"काय?"

"तुम्ही विचारलंत आणि ती उभी राहिली, यात किती वेळ गेला?"

"अहो, लगेच! मी वाक्य पुरं करते न करते तोच." शिक्षिकांना हा प्रश्न विचित्र वाटला असावा.

"आणि मग सगळे डबा खायला गेले."

"गेले ना. चोर सापडल्यावर बाकीच्यांना कशाला अडकवायचं?"

पुन्हा मागवलेली बाटली कुणी समोर आणून ठेवावी तसं झालं. तोच नळ, तेच पाणी, हात मात्र दुसऱ्याचा.

"ती सगळ्यालाच हो म्हणते," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता तिला विचारलंत की शाळेचं छप्पर तू नेलंस का, तर हो म्हणेल. कुठे ठेवलंस हेही सांगेल."

शिक्षिका हसल्या. वाईट नव्हतं ते हसणं, सवयीचं होतं. "सगळ्या आया असंच म्हणतात हो. आमची नाहीच."

सगळ्या आया… पर्समध्ये तिच्या सहीचा कागद होता, आणि समोरची ही बाई तिला सगळ्या आयांत बसवत होती. अंगावर दुसऱ्याचा कोट चढवल्यासारखं झालं. काढून द्यावा, म्हणावं, नाही हो, माझा नाही. तिने तो अंगावर तसाच राहू दिला.

खारूला घरी सोडून चारला केंद्रात पोचणं शक्य नव्हतं. सोबत नेणं भाग होतं, किंवा न जाणं. थांब्यावर उभं राहून ती हाच विचार करत होती आणि बस आली, आणि दोघी चढल्या. ठरवून नाही. बस आली म्हणून.

खिडकीशी खारू, तिच्या शेजारी ती. मधे दप्तर. ते खारूने ठेवलं होतं.

"खारू," ती म्हणाली, "आजीचं यंत्र तू टाकलं नव्हतंस."

खारूची मान ताठ झाली. "टाकलं."

"नाही. ते मीच लॅबमध्ये नेलं होतं. वाळायला ठेवलं आणि विसरले. आज सापडलं. हे बघ." तिने पुडी उघडून दाखवली.

आता हिचा जीव भांड्यात पडेल, अशी काहीतरी तिची समजूत होती. मुलीने यंत्राकडे पाहिलं, मग पटकन तिच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे. अंग चोरून ती खिडकीला चिकटली.

"मी टाकलं," खारू म्हणाली. "संडासात. मग पाणी ओतलं."

"अगं, पण हे इथे आहे ना? माझ्या हातात?"

"हे दुसरं आहे."

"दुसरं नाही, बाळा. एकच होतं. चूक माझी आहे. तू काहीच केलं नव्हतंस, आणि मी तुला रोज…" वाक्य पुढे जाईना. प्रयोगशाळेत निकाल चुकला तर दुरुस्तीपत्र पाठवायचं असतं, त्याचा नमुना ठरलेला आहे. इथे तसला काही नमुना नव्हता. "माफ कर मला."

खारू समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत, आईच्याच शांत आवाजात, शब्दाशब्दाला तेच अंतर ठेवून म्हणाली, "पुन्हा असं करायचं नाही."

पलीकडे बसलेला एक म्हातारा खुदकन हसला. हसण्यासारखंच होतं. तीही हसली असती, पण तो आवाज ओळखू आला, हुबेहूब आपला, आणि तो ऐकायला कसा लागतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

"तू का म्हणायचीस हो?" तिने विचारलं. "केलेलं नसताना?"

"कुणीतरी म्हणायलाच लागतं," खारू म्हणाली. इतकी साधी गोष्ट मोठ्या माणसाला सांगावी लागते याचा तिला कंटाळा आलेला दिसला. "तिकडे सगळ्यांना उभं करायचे. कुणी म्हणेपर्यंत जेवण नाही. छोटी पोरं रडायची. मग मी म्हणायचे. म्हटलं की संपतं."

"आणि मग तुला?"

खारूने खांदे उडवले. ते काही सांगण्यासारखं नव्हतं.

मग बस पुलाखालून वळली आणि खारूने रस्ता ओळखला. बदल आधी तिच्या हातांत झाला. दप्तराचा पट्टा दोन्ही मुठींत पिळला गेला. मग आवाज, हलका, घाईघाईचा, एकसुरी – "घड्याळ मीच टाकलं. कुंड्या मीच फोडल्या. कंपासपेटी मी घेतली, उद्या देते. किल्ली मी घेतली. फ्रीज मी उघडा ठेवला. आजीला मी ओरडले. पडदा मी. दूध मी सांडलं…" दूध कुणीच सांडलं नव्हतं. यादी तिच्या पत्रातल्या यादीहून लांब होत चालली होती. ओळीने, प्रत्येक नावानंतर तिच्या भुवयांकडे बघत – कुठे हलतात, कशाने भागेल, किती म्हटलं की संपेल.

"खारू, थांब. पुरे. तुला कुणी काही विचारलेलं नाही."

"आपण तिकडे चाललोय."

"हो."

"मला ठेवायला?"

आणि इथे एक वाक्य बोलायचं होतं. कुठल्याही आईने ते बोलून टाकलं असतं, खरं असो वा नसो. तिच्या जिभेवर ते आलं नाही. तिला माहीत नव्हतं. आज सकाळी माहीत होतं, आता नव्हतं, आणि जे माहीत नाही ते लिहून देऊ नये हे सोळा वर्षं हाताला लागलेलं वळण याच क्षणी, या पोरीच्या तोंडावर, सुटत नव्हतं. चावा खरा होता. लाथ खरी होती. त्या फळीसारख्या अंगाला दीड वर्षं धरून आलेला थकवा खरा होता, आणि तो यंत्र सापडल्याने गेला नव्हता. उद्याही सकाळ होणार होती. खारूने कुठेतरी काहीतरी लपवलेलं असणार होतं, आणि ते शोधताना तिला वैताग येणार होता, आजच्यासारखाच. मी सुधारेन असं कशावरून? एका बाटलीवरून?

"मला तिथल्या बाईंना काहीतरी सांगायचंय," ती शेवटी म्हणाली. "तुझ्याबद्दल मी जे लिहिलंय त्यातलं पुष्कळ चूक आहे. ते सांगायचंय."

खारूने हे नीट ऐकलं. मुठी जरा सैल झाल्या, पट्टा सुटला नाही.

"त्या तुम्हाला ओरडतील?"

"ओरडतील कदाचित."

"खूप?"

"माहीत नाही गं."

बस थांबली, दोन माणसं उतरली, एक चढला. खारू काहीतरी जुळवत होती. कपाळाला आठी घालून ती गणितं करायची, तसं.

"मग मी म्हणते," ती म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"यंत्र मीच त्या भांड्यात ठेवलं. तुमच्या पर्समध्ये आधी टाकलं, मग तुम्हाला कळलंच नाही. मला सवय आहे." आणि मग, थोडं थांबून, जवळजवळ मायेने, "तुम्हाला नाहीये ना."

नको, असं म्हणायचं होतं. एवढाच शब्द. तो तोंडात होताही, पण त्याच्या आधी, त्याला बाजूला सारून, खालून कुठूनतरी ऊब आली, सुटल्याची, मोकळी, गोड, ओळखीची… आणि त्या उबेचं नाव 'हो' होतं. क्षणभरच. पण तेवढ्यात तिला घड्याळाची ती संध्याकाळ दिसली, कुंड्यांची दिसली, किल्लीची दिसली, आणि त्या प्रत्येक वेळी, खारू 'हो' म्हणाल्यावर, आपल्याला हेच, अगदी हेच वाटलं होतं हे दिसलं. फसले नव्हते मी. घेत आले होते. घरात जे काही फुटेल, हरवेल, बिनसेल, ते नेऊन ठेवायला घरात एक जागा झाली होती, साडेतीन फूट उंचीची. आणि माझा हात आपसूक तिकडे जायचा.

"नको," ती म्हणाली.

उशिरा म्हणाली. किती उशिरा ते तिला सांगता आलं नसतं, पण लगेच नव्हे. खारूने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ती काचेतून बाहेर बघत होती, आणि काचेत दिसणारा तिचा चेहरा काहीच मागत नव्हता. तिला तो उशीर कळला होता, तिला अशा गोष्टी कळत. दुखावलेलीही दिसत नव्हती. असंच असतं, हे जणू तिला आधीपासून ठाऊक होतं, आणि या शेजारच्या बाईपासून जपून राहायचं, हेही.

बस वेग घेत होती. खिडकीच्या गजावर खारूची बोटं पांढरी पडली होती, आणि तिची स्वतःचीही, समोरच्या दांडीवर. ही बाई काय करेल, पुढच्या थांब्यावर, दार उघडल्यावर, उद्या सकाळी, पुढच्या वेळी काही हरवल्यावर, याचा भरवसा दोघींनाही नव्हता. एका बाकावर बसून दोघी एकाच माणसाला भीत होत्या, आणि दीड वर्षात दोघींना सारखंच वाटलेलं असं हे पहिलंच काहीतरी होतं.